मोहरमचा शोक कुणाचा?

दरवर्षी मोहरमचा चांद दिसला की आमच्या पिंपळगाव बसवंतमध्ये, आणि बहुधा तुमच्याही गावात, दोन गोष्टी हमखास होतात. पहिली म्हणजे कुठल्यातरी इच्छुक उमेदवाराचा फ्लेक्स लागतो : ‘सर्व मुस्लिम बांधवांना मोहरमच्या हार्दिक शुभेच्छा’. दुसरी म्हणजे मोहल्ल्यातल्या पोरांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर वाद पेटतो. ताबूत बिदअत आहे की नाही, मातम जायज की नाजायज, आणि शेवटी गाडी जिथे हमखास येऊन थांबते तो प्रश्न : शियांना मुसलमान म्हणायचे का? फ्लेक्सवाल्याला कुणी सांगितलेलेच नसते की हा शुभेच्छा देण्याचा महिना नाही, कुणाच्या तरी घरची मयत आठवण्याचा महिना आहे. त्याला दोष देण्यात अर्थ नाही. आपण त्याला चौदाशे वर्षांत ही गोष्ट त्याच्या भाषेत सांगितलेली नाही. ग्रुपवरच्या पोरांना मात्र सगळे ठाऊक असते, निदान तसा त्यांचा समज असतो, आणि मला काळजी वाटते ती त्या समजाची.

मी वाढलो तो मोहल्ला सगळा सुन्नी. तरी मोहरमच्या दहा दिवसांत लग्नाची बोलणी होत नसत, नवे कपडे शिवायला टाकत नसत. दहाव्या दिवशी आजी सरबताची घागर ओट्यावर ठेवायची आणि रस्त्याने जाणाऱ्या कुणालाही, अगदी बाजार समितीतून कांदा विकून परतणाऱ्या गाडीवानालाही, हाक मारून प्यायला लावायची. का, म्हणून विचारले तर एवढेच म्हणायची, ‘वो बच्चे प्यासे गये ना बेटा.’ शिया कोण आणि सुन्नी कोण, यावर तिने कधी भाषण केले नाही. आज तिचाच नातू मोबाइलवर तिकडच्या कुठल्या वक्त्याची क्लिप ऐकून सांगतो की ही घागरसुद्धा ‘त्यांची’ रीत आहे, बंद करा.

म्हणून या अंकात मोहरमवर लिहितो आहे. इमामांच्या नावापुढे ‘रजि.’ लिहायचे की ‘अ.स.’ यावरूनही आपल्याकडे भांडणे होतात. मी नुसते ‘इमाम हुसेन’ लिहीन. दोन्ही घरांत ते चालते.

घटना थोडक्यात सांगतो. हिजरी सन ६१, मोहरमची दहावी तारीख. इसवी सन ६८०, ऑक्टोबर महिना. मुआवियानंतर त्यांचा मुलगा यजीद गादीवर बसला आणि पैगंबरांच्या नातवाकडे बैअत मागितली, म्हणजे ‘तुझी सत्ता मला मान्य आहे’ असा शब्द मागितला. खिलाफत बापाकडून मुलाकडे वतनासारखी जाते, ती बळाने टिकवली जाते आणि वर तिला धर्माचा शिक्काही हवा असतो. इमाम हुसेन यांनी तो शिक्का दिला नाही. कूफ्याच्या लोकांनी पत्रे पाठवून बोलावले आणि राज्यपाल इब्न जियादची दहशत बसताच तेच लोक घरात बसले. युफ्रेटिसच्या काठाजवळ करबलाच्या मैदानात हुसेन यांचा काफिला अडवला गेला, सातव्या तारखेपासून पाणी तोडले गेले. परंपरा साथीदारांचा आकडा बहात्तर सांगते, समोर हजारोंची फौज होती. दहाव्या दिवशी दुपार ढळेपर्यंत पुरुष जवळपास सगळे संपले होते, त्यांत तान्हे मूलही होते. वाचले ते आजारी असलेले जैनुल आबिदीन आणि स्त्रिया.

या गोष्टीत मला नेहमी दोन माणसे जास्त महत्त्वाची वाटतात. एक हुर्र. तो यजीदच्या फौजेतला सरदार, हुसेन यांचा रस्ता अडवणारा पहिला माणूस. दहाव्या दिवशी सकाळी तो घोडा वळवून पलीकडे गेला आणि मारला गेला. दुसऱ्या जैनब. भाऊ, मुले, पुतणे गमावून कैदी म्हणून त्यांना कूफ्यात आणि मग दमास्कसला यजीदच्या दरबारात नेले. तिथे त्या बोलल्या. दरबाराने ही मोहीम बंडखोरांचा बंदोबस्त म्हणून नोंदवली असती आणि इतिहासाने तशीच उतरवून घेतली असती. जैनब यांच्या तोंडून ती जुलूम म्हणून नोंदवली गेली. शियांची जी मजलिस आहे ती इथून सुरू होते. म्हणजे या सगळ्या परंपरेच्या मुळाशी एका बाईचे भर दरबारातले भाषण आहे. ज्या मशिदींत बायकांना पाय ठेवायला जागा नाही, तिथल्या लोकांनी हे जरा सावकाश वाचावे.

ज्यांनी मजलिस पाहिली नाही त्यांच्यासाठी सांगतो. जाकिर मिंबरवर बसतो, आधी पैगंबरांच्या घराण्याची थोरवी सांगतो, न्याय-अन्याय, आजचे प्रश्न, कुराणातले दाखले, सगळे त्यात येते. शेवटी तो मसाइबकडे वळतो, म्हणजे करबलाच्या यातनांकडे, आणि ऐकणारे रडू लागतात. मग नौहे, छातीवर हात मारत मातम. घरात किंवा इमामवाड्यात अलम उभे असतात, मिरवणुकीत बिनस्वाराचा घोडा असतो, रस्त्यावर सबील म्हणजे पाण्या-सरबताची पाणपोई. चाळिसाव्या दिवशी चेहलुम. बायकांच्या वेगळ्या मजलिसी होतात आणि तिथे बायकाच जाकिर असतात. मुंबईत डोंगरीची मुघल मशीद, जी १८६० मध्ये एका इराणी व्यापाऱ्याने बांधली, पाला गल्लीची खोजा मशीद, कैसरबाग, ही सगळी या दिवसांत भरलेली असतात. दाऊदी बोहरांच्या वाजांना त्याच दिवसांत सैफी मशिदीत पाय ठेवायला जागा नसते. कुणी वरवर पाहून म्हणेल, चौदाशे वर्षांपूर्वीच्या मरणावर आज रडायचे काय? पण नीट पाहिले तर ही दरवर्षी भरणारी एक सुनावणी आहे. आरोपी मेला, साक्षीदार मेले, तरी फाइल बंद करायची नाही, असे एका समाजाने ठरवले आहे.

आता सत्तेचे पाहू, कारण शोकाला राजकारण चिकटलेले आहे म्हणून नाक मुरडणारे आपल्यात पुष्कळ आहेत. चिकटलेले आहेच. बगदादमध्ये आशुराचा सार्वजनिक शोक सरकारी हुकमाने पाळायला लावला तो बुवैही सुलतान मुइज्जुद्दौलाने, सन ९६३ मध्ये. बाजार बंद, स्त्रिया-पुरुष रस्त्यावर. इराणच्या सफवी बादशहांनी सोळाव्या शतकात याच शोकातून आपल्या राज्याची ओळख घडवली. आणि आपल्या दख्खनमध्ये? आजचा नाशिक जिल्हा ज्या निजामशाहीच्या मुलखात होता, तिचा बादशहा बुऱ्हाण निजामशाह याने शाह ताहिर यांच्या प्रभावाखाली सुमारे १५३७ मध्ये शिया पंथ राजपंथ केला. नगरच्या कोठल्याचे बारा इमामांचे ठाणे त्याच काळातले. विजापूरची आदिलशाही, गोवळकोंड्याची कुतुबशाही यांनीही तेच केले. हैदराबादचा बादशाही आशुरखाना १५९४ च्या सुमाराचा आहे. राजांना यातून काय हवे होते ते उघड आहे : इराणशी नाते, आणि उत्तरेच्या मुघलांपेक्षा वेगळी ओळख.

पण राजे गेले, त्यांचा राजपंथही गेला. मोहरम मात्र राहिला, आणि तोही बहुतांश अशा लोकांकडे जे शिया नव्हते. मला ही दख्खनच्या इतिहासातली फार मोठी गोष्ट वाटते. निजामशाही संपून पावणेचारशे वर्षे उलटली तरी नगरला छोटे इमाम आणि थोरले इमाम यांच्या सवाऱ्या निघतात आणि कत्तलच्या रात्री रस्ते फुलून जातात. खेड्यांत पंजे बसू लागले. शेतकऱ्याने नवस बोलावा, पोर जगले तर मोहरमात फकीर करीन, आणि पोराच्या गळ्यात नाडा बांधून पाच घरी मागायला लावावे. अलाव्याचा खड्डा खणावा. सवारी निघाली की बायांनी वाहणाऱ्याच्या पायावर पाणी ओतावे. कोल्हापूर-सांगलीकडे चोंगे करावेत. सीमाभागात करबलाची रिवायत गाणी म्हणावीत, आणि तीही कन्नडमध्ये. सांगली जिल्ह्यातल्या कडेगावचे गगनचुंबी ताबूत बघायला लांबून लोक येतात. त्यांतल्या कित्येक ताबुतांचे मान हिंदू घराण्यांकडे आहेत. ग्वाल्हेरचे शिंदे, इंदूरचे होळकर या मराठा दरबारांचे ताबूत निघत. कुरुंदवाडला मशिदींत गणपती बसतो. २०१८ आणि २०१९ मध्ये मोहरम आणि गणेशोत्सव एकत्र आले तेव्हा तिथे पंजे आणि गणपती एकाच छताखाली होते.

२०२४ आणि २०२५ ही तर सलग दोन वर्षे आशुरा आणि आषाढी एकादशी एकाच दिवशी आली : १७ जुलै आणि ६ जुलै. (त्याआधीच्या दोन वर्षी बकरी ईद आषाढीला आली होती, आणि अनेक गावांतल्या मुसलमानांनी कुर्बानी दुसऱ्या दिवशी करायचे ठरवले होते. त्याचे कौतुक झाले, पण ते आपण कौतुकासाठी केले नव्हते, हे कौतुक करणाऱ्यांना अजून समजायचे आहे.) इराकमध्ये चेहलुमच्या वेळी नजफहून करबलाला लोक पायी जातात, सुमारे ऐंशी किलोमीटर. वाटेवर जो तो आपापला मांडव टाकून अनोळखी माणसाला जेवू घालतो, पाय चेपून देतो, पैसे घेत नाही. त्र्यंबकेश्वरहून निवृत्तिनाथांच्या पालखीबरोबर पंढरपूरला जाणाऱ्या आमच्या भागातल्या वारकऱ्यांना याचे चित्र वेगळे काढून दाखवावे लागणार नाही. सद्दामच्या राजवटीने या चालण्यावर बंदी घातली होती. १९७७ मध्ये सफर महिन्यात बंदी मोडून लोक निघाले तेव्हा लष्कर आणले, अनेकांना फाशी दिली. २००३ मध्ये सद्दाम गेला आणि त्याच वर्षी लाखो लोक त्या रस्त्यावर होते.

मग महाराष्ट्रातला तो जुना मोहरम गेला कुठे? मला तीन दारे दिसतात, आणि ती तिघांनी वेगवेगळ्या कारणांनी लावून घेतली.

पहिले दार पुण्यात लागले. एकोणिसाव्या शतकातल्या पुण्यात ताबूत हा गावाचाच उत्सव होता. हिंदू मंडळी ताबूत बसवत, पुढे नाचत, नवस फेडत. १८९३ मध्ये काठेवाडातल्या प्रभासपट्टणला मोहरमच्या दिवशी दंगल झाली आणि ऑगस्टमध्ये मुंबईत मोठी दंगल उसळली. पुढच्याच वर्षी पुण्यात सार्वजनिक गणेशोत्सव मोठ्या प्रमाणावर सुरू झाला आणि हिंदूंनी ताबुतांत जाऊ नये असा उघड प्रचार झाला, पत्रके निघाली, मेळ्यांची पदे निघाली. गंमत म्हणजे त्या मेळ्यांची घडण ताबुतापुढे गात-नाचत जाणाऱ्या टोळ्यांवरूनच आलेली होती. रिचर्ड कॅशमन यांनी टिळकांवरच्या १९७५ च्या पुस्तकात याची सविस्तर चर्चा केली आहे. गणेशोत्सवाने इंग्रजांविरुद्ध लोकांना एकत्र आणले हेही खरे, आणि त्याने ताबुतापुढची गर्दी फोडली हेही खरे. दोन्ही एकाच वर्षातल्या गोष्टी आहेत आणि शाळेच्या पुस्तकात त्यांतली एकच येते.

दुसरे दार मुंबईत पोलिसांनी लावले. मुंबईचा मोहरम दांडगा होता. मोहल्ल्यामोहल्ल्यांच्या टोळ्या, ताबूत, वाघाची सोंगे आणि मोहल्ल्यांची भांडणेही. १९०८ मध्ये शिया-सुन्नी दंगा झाला, १९११ च्या मोहरमात भेंडीबाजार भागात लष्कराने गोळीबार केला. त्यानंतर पोलिस कमिशनर एडवर्ड्‌स यांच्या नियमांनी टोळ्यांचा मोहरम संपल्यात जमा झाला आणि मांडवात बसून वाज ऐकण्याला उत्तेजन मिळाले. इंग्रज सोल्जरांना ‘या हसन, या हुसेन’ नीट ऐकूही येत नसे. त्यांनी त्याचे ‘हॉब्सन-जॉब्सन’ केले आणि १८८६ मध्ये निघालेल्या अँग्लो-इंडियन शब्दांच्या कोशाला तेच नाव पडले. ज्यांना हाक कळली नाही त्यांनी हाकेचे नियम केले.

तिसरे दार आपण लावले. देवबंदी असोत, अहले हदीस असोत, बरेलवींमधलेही पुष्कळ उलमा असोत, ताबूत काढणे गैर, असे सगळे सांगत आले. त्यांचा आक्षेप मी हलका मानत नाही. कागदाच्या ताबुतापुढे माणसाने डोके टेकावे, पंजा अंगात येतो असे मानावे, हे तौहीद मानणाऱ्या माणसाला खटकणारच, मलाही खटकते. आशुराचा रोजा ठेवा, गरिबाला जेवू घाला, हुसेन यांच्यावर दरूद पाठवा, पण मिरवणूक नको, असे म्हणणारा माणूस इमामांचा दुश्मन ठरत नाही.

फक्त एक गोष्ट त्या माणसाने ध्यानात घ्यावी. आपल्या अनेक खेड्यांत पंजा मुसलमानांचा एकट्यांचा नाही. गावात मुलाण्याची दोन घरे, फातेहा तेवढी त्यांच्याकडे. पंजा धरणारा मराठा, धनगर किंवा मातंग समाजातला, वाजवणारे वेगळे, खड्डा खणणारे वेगळे, मलिद्याचा गूळ आणखी कुणाचा. काही गावांत मुसलमानाचे घर उरलेले नाही, तरी पंजा बसतो आणि फातेह्याला शेजारच्या गावचा मुलाणी बोलावतात. अशा ठिकाणी तालुक्याच्या गावाहून आलेला पंचवीस वर्षांचा पोरगा जेव्हा ‘हे बंद करा’ म्हणतो, तेव्हा तो स्वतःपुरता निर्णय घेत नसतो. १८९४ मध्ये जे काम पत्रकांनी अर्धवट केले ते तो पूर्ण करत असतो. स्वतः डोके टेकवू नका, हवे तर लांब उभे राहा. पण ज्या एका दिवशी गाव आपल्या दारात येते तो दिवस पुसण्याआधी त्याच्या जागी काय ठेवणार आहात, एवढे तरी सांगा.

आता इराणकडे वळतो, कारण आजच्या पोरांच्या डोक्यात शिया म्हटले की इराण, आणि इराण म्हटले की टीव्हीवरची चर्चा. ३ जून १९६३, आशुराचा दिवस. कुम शहरात आयातुल्ला खोमेनी यांनी भाषणात शाहची तुलना यजीदशी केली. दोन दिवसांनी त्यांना अटक झाली आणि देश पेटला. पंधरा वर्षांनी, १० आणि ११ डिसेंबर १९७८, म्हणजे नववी-दहावी मोहरमला, तेहरानच्या रस्त्यांवर लाखो लोक उतरले आणि जानेवारीत शाह देश सोडून गेला. अली शरीअती या विचारवंताने ‘लाल’ आणि ‘काळा’ असे शिया विचाराचे दोन रंग सांगितले होते : एक जुलमाविरुद्ध उभा राहणारा, दुसरा दरबारात बसून नुसता रडवणारा. क्रांतीनंतर काय झाले? तोच करबला सरकारच्या हातात गेला. इराकशी आठ वर्षे युद्ध चालले, लष्करी मोहिमांना ‘करबला’ अशी नावे दिली गेली, कोवळी पोरे शहादतीच्या नावाने आघाडीवर पाठवली गेली. मग २७ डिसेंबर २००९ ला पुन्हा आशुरा आली. निवडणुकीतल्या घोटाळ्याविरुद्ध तेहरानमध्ये लोक पुन्हा त्याच दिवशी रस्त्यावर आले आणि या वेळी गोळ्या इस्लामी प्रजासत्ताकाच्या बंदुकीतून आल्या.

म्हणून इराणचा झेंडा हातात घेऊन मोहरम समजून घेऊ पाहणाऱ्यांचे मला पटत नाही, आणि इराणच्या रागाने मोहरमला नावे ठेवणाऱ्यांचेही नाही. करबलाची गोष्ट सत्तेच्या खिशात फार काळ मावत नाही. सत्ता बदलली की गोष्टीतला यजीद बदलतो, आणि प्रत्येक राज्यकर्त्याला ती स्वतःपुरती तिथेच थांबवायची असते.

आपल्या देशात या शोकाची गाठ बहुतेक वेळा परवानगीशी पडते. लखनऊमध्ये शिया-सुन्नी दंगलींमुळे १९७७ मध्ये मिरवणुका बंद झाल्या त्या १९९८ मध्ये सुरू झाल्या. श्रीनगरमध्ये गुरू बाजार ते डलगेट हा आठव्या मोहरमचा मार्ग तीन दशकांहून जास्त बंद होता, तो जुलै २०२३ मध्ये उघडला. २०२४ मध्ये तिथे मिरवणुकीत पॅलेस्टाइनच्या घोषणा झाल्या तेव्हा पोलिसांनी गुन्हे नोंदवले. कोविडच्या वर्षी, ऑगस्ट २०२० मध्ये, देशभर मिरवणुकीची परवानगी मागणारी मौलाना कल्बे जवाद यांची याचिका सर्वोच्च न्यायालयाने मान्य केली नाही. गोंधळ होईल आणि रोग पसरवल्याचे खापर एकाच समाजावर फुटेल, असे न्यायालय म्हणाले. दुसऱ्याच दिवशी मुंबई उच्च न्यायालयाने भेंडीबाजार ते माझगावचे शिया कब्रस्तान अशी अगदी मोजक्या माणसांची, ट्रकमधून जाणारी प्रतीकात्मक मिरवणूक होऊ दिली. तबलिगींच्या नावाने त्या वर्षी जे चालले होते ते आठवले तर सर्वोच्च न्यायालयाची भीती खोटी म्हणता येत नाही. पण असे खापर फोडणाऱ्याला आवरण्याऐवजी ज्याच्यावर ते फुटणार त्यालाच घरात बसवायचे, हा न्याय आपल्या ओळखीचा झाला आहे.

रक्ताच्या मातमाबद्दल माझे मत विचारले जाते, म्हणून लिहितो. साखळी, ब्लेड, तलवारीने स्वतःला जखमा करणे मला मान्य नाही, लहान मुलांच्या डोक्याला चीर देणे तर अजिबात नाही. आणि हे सुन्नी म्हणून बोलतो आहे असे समजू नका. लेबनॉनचे शिया आलिम मुहसिन अल-अमीन यांनी १९२० च्या दशकात याविरुद्ध लिहिले आणि शिव्या खाल्ल्या. १९९४ मध्ये खामेनींनी तलवारीच्या मातमाविरुद्ध फतवा दिला. मुंबईत आशुराच्या दिवशी रक्तदानाची शिबिरे भरतात, तिथल्या रांगेत उभी असलेली पोरे मला या परंपरेची खरी वारस वाटतात. मात्र जो शेजारी वर्षातून एक दिवस शियाच्या रक्ताकडे बोट दाखवून ‘रानटी’ म्हणतो आणि दुसऱ्या दिवशी आपल्याच गल्लीत सवारीपुढे डीजे लावून नाचतो, त्याने आधी डीजे बंद करावा. तान्हे मूल तहानलेलेच मारले गेले त्याची आठवण, आणि पुढे सिनेमाच्या गाण्याचे रिमिक्स! आमच्या निफाड तालुक्यातच नाही, सगळीकडे हे लोण आले आहे. यात बिदअत किती हे उलमा सांगतील, निर्लज्जपणा किती हे मी सांगतो.

आणि ग्रुपवरच्या त्या शेवटच्या प्रश्नाबद्दल. कराचीत २८ डिसेंबर २००९ ला आशुराच्या मिरवणुकीत बॉम्ब फुटला आणि चाळीसहून अधिक माणसे मेली. त्या बॉम्बच्या मागे वर्षानुवर्षे भिंतींवर लिहिलेले एकच वाक्य होते, ‘शिया काफिर’. तिथे भिंती होत्या, इथे ग्रुप आहेत. इमामत, सहाबा, हदीसच्या किताबा यांवर मतभेद आहेत आणि राहतील, आलिमांना ते मांडू द्या. पण ज्या माणसाला आपल्या देशात नागरिक म्हणून कागद दाखवायला लावतात, त्याने दुसऱ्याच्या ईमानाचे कागद तपासायला बसावे, याला काय म्हणायचे? ॲडमिन असाल तर असा मेसेज काढून टाका. तेवढा अधिकार तुमच्या हातात आहे. जाता जाता, गांधीजींनी ‘बहात्तर माणसांच्या सैन्या’बद्दल म्हटल्याचे एक वाक्य दरवर्षी फिरते. पाठवणारा कधी संदर्भ देत नाही. संदर्भ मिळेपर्यंत तेही पुढे पाठवू नका. त्यापेक्षा प्रेमचंदांनी १९२४ मध्ये ‘कर्बला’ नावाचे नाटक लिहिले हे सांगा, ते पुस्तक हातात घेऊन दाखवता येते.

आमच्याकडे यंदा एक साधे काम करायचे ठरते आहे. शांतता समितीच्या बैठकीत दरवर्षी आपण जातो, मार्ग, वेळ, लाउडस्पीकर यावर सही करतो, चहा पितो, परत येतो. तिथे बसलेल्या सरपंचाला, फौजदाराला, गणेश मंडळाच्या अध्यक्षाला मोहरम म्हणजे काय हे कधी कुणी सांगितलेले नाही. मशिदीतले बयान उर्दूत, ते आपल्यातल्या निम्म्या पोरांनाही धड कळत नाही, कारण आपण शिकलो जिल्हा परिषदेच्या मराठी शाळेत. मग करबलाची गोष्ट एका संध्याकाळी मराठीत सांगायची. मिरवणूक नाही, डीजे नाही, स्टेजवर कुणा पुढाऱ्याची खुर्ची नाही. तासभर गोष्ट, मग सरबत. सांगणारा सुन्नी असो वा शिया. नाशिकहून कुणी शिया बंधू यायला तयार असेल तर त्यानेच सांगावे, कारण ती गोष्ट त्याने आईच्या मांडीवर ऐकलेली असते. बायकांसाठी वेगळी संध्याकाळ ठेवायची, आणि तिथे जैनब यांचे दरबारातले बोलणे एखाद्या मुलीने सांगायचे. टोमॅटोच्या हंगामासाठी पिंपळगावात उत्तरेकडचे व्यापारी, हमाल, ट्रकवाले येतात. त्यांच्यातही एखादा असेल जो घरापासून लांब, एकटाच दहावा दिवस काढतो. त्यालाही निरोप द्यायचा.

काही मंडळींनी आत्ताच विचारले आहे, ‘यातून शियापण तर येणार नाही ना?’ पैगंबरांच्या नातवाची गोष्ट ऐकून ज्याचे सुन्नीपण जाईल, त्याचे ते आधीच गेलेले असावे.

तोवर तुमच्याकडून एक हवे आहे. तुमच्या गावात पंजा किंवा ताबूत बसत असेल, किंवा पूर्वी बसत असेल, तर घरातल्या सर्वांत म्हाताऱ्या माणसाजवळ बसा आणि लिहून घ्या : पंजा कुणाच्या घरी असतो, धरतो कोण, वाजवतो कोण, कोणत्या जातीचे कोणते मान आहेत, बाया कोणती गाणी म्हणतात, बंद पडला असेल तर कोणत्या साली आणि कशावरून. आवाज रेकॉर्ड केला तर उत्तम. मराठीत पाठवा, दख्खनीत पाठवा, जसे बोलतात तसेच पाठवा, आम्ही दुरुस्त करणार नाही. लोकांची नावे छापायची की नाही ते त्यांना विचारून कळवा. पुढच्या मोहरमच्या अंकाची पाने आम्ही त्यासाठी मोकळी ठेवली आहेत.